सतरा काठ्या

अंगणवाडीच्या मागच्या भिंतीपासून भरका किती लांब आहे, हे निबौरी पुऱ्याच्या वस्तीत कुणी कधी मोजलं नव्हतं. विचारलं तर मोठी माणसं हात उडवून म्हणत, "आहे की लांब." आजे-पणजे होते तेव्हापासून भरका तिथंच होता. जमीन फाटत फाटत खाली क्वारी नदीपर्यंत गेलेली. मातीचे सुळके आणि त्यांच्यामधून वाकड्यातिकड्या घळी. शेळ्या त्यात उतरत, बायका त्यातून सरपण आणत, सकाळी डबा घेऊन सगळे तिकडंच जात. रोजच्या शेजाऱ्याला कोण घाबरतं?

मोजलं ते मिथलेशच्या अंगणवाडीतल्या पोरांनी. सतरा पोरं, त्यातलं सगळ्यात मोठं साडेपाच वर्षांचं.

जेठात मिथलेश तालुक्याला तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आली होती. तिथं एका म्हाताऱ्या गुरुजींनी मातीचा धडा फळ्यावर न शिकवता घमेल्यात शिकवला होता. तो तिच्या मनात बसला. श्रावण लागून दोन-तीन पाऊस झाले तसं तिनं तीन घमेली मिळवली. मदतनीस बैकुंठी जिज्जीनं एकात नुसती माती भरली, दुसऱ्यात मातीसकट दूर्वांचा थर खुरप्यानं कापून बसवला, तिसऱ्यात मातीवर मोहरीचा भुसा पसरला. घमेली विटांवर तिरकी ठेवली आणि खाली एकेक पातेलं. तेलाच्या जुन्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून पाऊस तयार केला.

पोरं पाळीपाळीनं डबा धरत होती. हात छोटे, डबा जड. निम्मा पाऊस त्यांच्याच चड्ड्यांवर पडत होता.

"आता पातेल्यात बघा," मिथलेश म्हणाली.

"ह्याच्यात चहा!" बैकुंठीचा नातू पहिल्या पातेल्यात बोट बुडवून ओरडला.

"आणि ह्याच्यात?"

"पाणी. नुसतं पाणी."

बिट्टो, मिथलेशचीच मुलगी, सगळ्यांत पुढं बसलेली. केंद्रात ती आईला बहनजीच म्हणायची. तिनं पहिलं पातेलं जरा वेळ न्याहाळलं. "बहनजी, ही माती पातेल्यात आली. आपल्या अंगणातली कुठं जाते?"

"भरक्यात."

"आणि भरक्यातनं?"

"क्वारीत."

"मग परत कधी येते?"

मिथलेशनं डबा खाली ठेवला. "परत नाही येत, बेटा."

पोरांना हे काही पटलं नाही. शेळी परत येते, बाप परत येतो, मग मातीच तेवढी का नाही?

दुसऱ्या दिवशी काठ्या आल्या. प्रत्येकानं बाभळीची एक काठी आणायची, तिला आपल्या घरची चिंधी बांधायची. मिथलेशनं भिंतीपासून सुरुवात केली. दोन पावलं, एक काठी. पुन्हा दोन पावलं, दुसरी काठी. पावलं पोरांची. सहाव्या काठीपाशी तिनं जमिनीवर चऱ्हाट टाकलं; त्याच्या पुढं कुणी जायचं नाही. पुढच्या काठ्या तिनं आणि बैकुंठीनं ठोकल्या, पोरांनी चऱ्हाट धरून मोठ्यानं मोजलं. सतरावी काठी अगदी काठावर बसली. ती छोट्या गुलकंदीची होती. तिची काठी सगळ्यांच्या पुढं म्हणून ती दिवसभर ऐटीत होती.

चार दिवसांनी पाऊस झाला. सकाळी पोरं आली ती थेट मागं पळाली. चऱ्हाटाला ओळीनं उभी राहून मोजू लागली आणि चौदाला अडली.

"माझी कुठंय?" गुलकंदी म्हणाली. मग तिनं जे भोकाड पसरलं ते खिचडी येईपर्यंत थांबलं नाही.

*

हरविलास, मिथलेशचा नवरा, रुस्तमसिंहाचं माती खणायचं मशीन चालवायचा. पिवळं, दातेरी बादलीचं. पुऱ्याच्या वरच्या अंगाला भरक्याचे सुळके तोडून, घळी बुजवून रुस्तमसिंह सपाट शेत करत होता. दोन वर्षांत मोठा तुकडा निघाला होता आणि त्यावर आता बाजरी डोलत होती. हरविलासच्या हाताला मशीनची अशी सवय होती की बादलीच्या दातानं तो काडेपेटी उचलून दाखवायचा. रुस्तमसिंह पाहुण्यांना मुद्दाम ते दाखवायला लावायचा. पाहुणे बाजेवर, हरविलास मशीनवर. खेळ संपला की तो खाली उतरून भिंतीच्या कडेला उकिडवा बसायचा आणि त्याचा चहा पाहुण्यांच्या नंतर यायचा.

घर रुस्तमसिंहाच्याच जमिनीवर होतं. हरविलासच्या आजोबाला त्याच्या बापानं शेत कसायला ठेवलं तेव्हा बसायला दिलेली जागा. कागद ना तेव्हा झाला, ना नंतर. अर्धा पुरा असाच बसलेला.

काठ्या अकरावर आल्या तेव्हा मिथलेशच्या ध्यानात आलं की ह्या वर्षी काहीतरी वेगळं आहे. भरका असा चालत नाही. पाऊस ओसरल्यावर ती पोरांना घेऊन निघाली. पाणी अजून वाहत होतं. प्रत्येकाच्या मुठीत भुसा. "भुसा पाण्यात टाकायचा आणि तो कुठं जातो ते बघायचं. मग उलटं चालायचं. पाणी येतं कुठून ते शोधायचं."

पोरांना ह्याहून मोठा खेळ मिळाला नव्हता. गल्लीतून पाणी येत नव्हतं. हातपंपाचंही नव्हतं. भुसा टाकत, ओरडत, घसरत ती वर गेली आणि रुस्तमसिंहाच्या नव्या शेताच्या बांधाशी थांबली. बांधाला खालच्या कोपऱ्यात हातभर रुंद कापलेली नाली होती. सबंध शेताचं पाणी त्या एका तोंडातून उसळत पुऱ्याकडं येत होतं.

"ही बापूनं केली," बिट्टो म्हणाली. तिची मान ताठ झाली होती. "मशीननं. मी डबा घेऊन आले होते ना, तेव्हा पाहिली. एका दमात केली!"

पोरांनी बिट्टोकडं मोठ्या मानानं पाहिलं. मिथलेशनं नालीच्या कडेकडं पाहिलं. बादलीच्या दातांचे चरे अजून मातीवर होते, एकसारखे. असं काम ह्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

संध्याकाळी ती चुलीपाशी भाकरी थापत होती. हरविलास पायाचा चिखल काडीनं खरवडत होता. त्याची आई, रामश्री, दारात तुरी निवडत बसली होती.

"नाली तुम्ही काढली?" मिथलेशनं तव्याकडं बघतच विचारलं.

"कुठली?"

"बिट्टोनं सगळ्या पोरांना दाखवली आज. माझ्या बापूनं केली म्हणून."

त्यानं काडी मोडली. "रुस्तमसिंह दद्दा म्हणाले, बाजरीत पाणी थांबतंय, खालच्या कोपऱ्यातून काढ."

"खाली पुरा आहे हे दद्दांना दिसत नाही?"

"दिसतं."

"आणि तुम्हाला?"

"मलाही दिसतं." मोडलेली काडी त्यानं चुलीत टाकली. "मी म्हटलं होतं, पश्चिमेकडनं काढू, दगडी उतार करू. म्हणाले, तू इंजिनेर कधी झालास?"

भाकरी फुगली, मिथलेशनं ती निखाऱ्यावर टाकली. "दोन बादल्या मातीचं काम आहे. बंद करा."

"मी बंद करीन, तो दुसऱ्याकडनं उघडवील. आणि मग आपण कुठं जायचं? सांग ना, कुठं?"

"बहू," रामश्री तूर पाखडत म्हणाली, "पोरांना क ख ग शिकव. देवानं घातलेल्या घळीला काठ्या लावून ती थांबते होय?"

*

रुस्तमसिंह चार दिवसांनी स्वतःच अंगणवाडीत आला. साठीचा, पांढऱ्या मिशांचा, स्वच्छ धोतर. हातात बत्ताशांचा पुडा. मिथलेश खिचडी वाढत होती; तिनं पदर नाकापर्यंत ओढला. बैकुंठी उठून भिंतीला लागली.

तो पोरांमध्येच चटईवर बसला. "काय रे फौज, काय शिकता सध्या?"

"माती!"

"मातीचं काय शिकायचं असतं?"

"माती पळून जाते!"

"अरेच्चा. पाय असतात तिला?"

"पाण्यावर बसून जाते," बैकुंठीचा नातू म्हणाला.

रुस्तमसिंह मनापासून हसला. "आणि पाणी कुठून येतं?"

मिथलेशच्या हातातला खिचडीचा डाव हवेतच राहिला.

"तुमच्या शेतातून!" सतरा पोरं एका सुरात ओरडली. शिबिरातल्या गुरुजींनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती. वर बिट्टोनं ठासून सांगितलं, "बापूच्या नालीतून."

रुस्तमसिंहानं पुडा सोडला आणि प्रत्येक पोराच्या तळहातावर दोन-दोन बत्तासे ठेवले. बिट्टोच्या हातावर तीन. मग तो उठून बाहेर आला. मिथलेश दारामागं उभी राहिली.

"बहू, तुझी पोरं हुशार आहेत," तो भरक्याकडं बघत म्हणाला. "माझ्या बापाची चाळीस बिघे ह्यानं खाल्ली. मी पोरगा होतो. रोज सकाळी बाप बांधावर जाऊन उभा राहायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. ती जमीन मी परत घेतोय. चोरी करतोय का?"

"नाही दद्दा." पदराआडून तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पण पाणी तेवढं..."

"सतरा पोरं काठावर नेतेस. उद्या एखादं खाली गेलं तर? त्याच्या आईला काय सांगशील, मोजत होतो म्हणून?"

तिच्यापाशी चऱ्हाट होतं, पण चऱ्हाटानं पोर अडतंच असं नाही.

"काठ्या काढून टाक," तो म्हणाला. आवाज शेवटपर्यंत चढला नाही.

दोन दिवसांत पर्यवेक्षिका बाई आल्या. तक्रार आली होती. मुलांना भरक्याकडं नेणार नाही असं मिथलेशनं कागदावर लिहून दिलं. बाई वाईट नव्हत्या. सही घेताना म्हणाल्या, "मलाही नोकरी करायची आहे गं."

काठ्या उपटल्या तेव्हा आठच उरल्या होत्या. ज्याची काठी त्याच्या हातात दिली. ज्यांच्या वाहून गेल्या ते रिकामे हात घेऊन उभे राहिले. घरी गेल्यावर आयांनी त्या चुलीत घातल्या.

मोठ्या भरक्याकडं जायचं नाही असं लिहून दिलं होतं. पण हातपंपाच्या सांडपाण्याची ओघळ होती, तिच्याबद्दल कुणी काही लिहून घेतलं नव्हतं. वीतभर खोल, पोरांच्या मापाचा भरका. मिथलेशनं पोरांना तिथं बसवलं. पोरांनी खडे आणले, ओघळीत आडवे रचले, मागं मुंज गवताची ठोंबं खोचली. पहिल्या पाण्यात खडे वाहून गेले. "वरवर ठेवले म्हणून," मिथलेश म्हणाली, "आधी खोदा, मग बसवा. मोठा खाली, छोटा वर." तिसऱ्या वेळी रांग टिकली. पाणी वरून गेलं आणि खड्यांच्या मागं बोटभर गाळ साचला. मऊ, लोण्यासारखा. पोरांनी तो हातात घेऊन एकमेकांना दाखवला. गुलकंदी म्हणाली, "ही परत आली."

मिथलेशनं तिला दुरुस्त केलं नाही.

*

भादव्यात पाऊस लागला तो तीन दिवस थांबलाच नाही. मिथलेश रोज सकाळी एकटीच भिंतीमागं जाऊन यायची. पहिल्या दिवशी तिची स्वतःची सात पावलं भरली. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी ती तीन पावलांवर थांबली, चौथं टाकायचं धाडस झालं नाही. भिंतीच्या पायाशी, भिंतीला धरून, जमिनीत एक चीर गेली होती. तिनं बोटं घातली. चारही बोटं आत गेली, आतून गार वारा लागला.

पोरं आली होती. पावसात घरी चूल पेटत नाही, म्हणून त्या दिवशी एकही पोर चुकलं नव्हतं.

"जिज्जी," ती बैकुंठीला हळूच म्हणाली, "पोरांना चऱ्हाट धरायला लाव. देवीमातेच्या चौथऱ्यावर जायचंय. आत्ता."

"खिचडी चुलीवर आहे."

"राहू दे."

"सतरा पोरांची खिचडी राहू दे? तुझं डोकं फिरलंय का?"

एक हात चऱ्हाटावर ठेवून मिथलेश पोरांना घेऊन निघाली. पावसात सतरा पोरांची रांग, सगळी मोठ्यानं आकडे म्हणत. चौथऱ्यावर पत्रा होता. तिथं पोचून तिनं मागं पाहिलं, तर बैकुंठी डोक्यावर पोतं घेऊन, खिचडीचं पातेलं पदरानं धरून, शिव्या देत येत होती. ती निम्म्या वाटेत होती तेव्हा मागची भिंत गेली.

मोठा आवाज झाला नाही. धान्याचं पोतं खाली टाकावं तसा धप्प. मग छप्पर मधून वाकलं आणि मागच्या अर्ध्यासकट खाली उतरलं. समोरची भिंत उभी राहिली. तिच्यावर रंगवलेला मोर, अ अननसाचा, आणि मधल्या दारातून थेट पलीकडचं आभाळ.

बैकुंठीनं वळून पाहिलं. पातेलं तिनं सोडलं नाही. चौथऱ्यावर येऊन ठेवलं आणि मग आधी नातवाला जवळ ओढलं.

हरविलास शेतावरून धावत आला, चपला कुठंतरी चिखलात राहिलेल्या. तो पोरांच्या डोक्यांवर हात ठेवत मोजायला लागला. अकरापाशी चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पुन्हा चुकला. बिट्टो म्हणाली, "बापू, सतरा आहेत. मी मोजले."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग वळला आणि आला त्याच वाटेनं वर गेला. जरा वेळानं मशीनचा आवाज आला. पुरा चौथऱ्याभोवती जमला होता, सगळ्यांनी पाहिलं. हरविलासनं तीन बादल्या माती नालीच्या तोंडात टाकली, बादलीच्या पाठीनं थापली, आणि पुऱ्याकडं येणारं पाणी एखाद्यानं नळ बंद करावा तसं थांबलं.

कुणी शाबास म्हटलं नाही. बायका आपापली पोरं उचलून घरी गेल्या.

*

सकाळी पाऊस उघडला होता. नव्या शेतात बाजरी गुडघाभर पाण्यात उभी होती. रुस्तमसिंह बांधावर आला तेव्हा हरविलास तिथंच होता, कुठं जाणार?

"किल्ली," रुस्तमसिंहानं हात पुढं केला.

हरविलासनं दिली.

"पोरं वाचली, देवाची कृपा. दुसरी खोली होईपर्यंत अंगणवाडी माझ्या गोठ्यात भरवा. मी माणुसकी सोडलेली नाही." त्यानं बाजरीकडं पाहिलं. "पण हे कुणाला विचारून केलंस?"

हरविलासनं बुजलेल्या नालीकडं पाहिलं.

"मशीन नको. फावड्यानं उघड. ज्या हातानं घातलं त्याच हातानं निघालेलं बरं."

हरविलास हलला नाही. खालून मिथलेश, बिट्टो आणि मागोमाग पुऱ्यातली पोरं-माणसं येऊन उभी राहिली होती. बैकुंठी होती. रामश्रीही काठी टेकत आली होती.

"दद्दा, हे पाणी परत तिकडंच जाईल," हरविलास म्हणाला. "आता पुढं घरं आहेत."

"घरं कुणाच्या जमिनीवर आहेत?"

प्रश्न साधाच होता. पुऱ्यातली माणसं जमिनीकडं बघायला लागली.

रामश्री पुढं झाली. तिनं काठी टाकली, बांधाला टेकवलेलं फावडं उचललं आणि पदर खोचला. "त्याच्या कंबरेत चमक भरलीय, दद्दा," ती म्हणाली. "मी उघडते. माझ्याच्यानं होईल."

पहिला घाव मातीत गेला पण फावडं उचलेना. ओली, थापलेली माती. तिचे हात सुकलेल्या काटक्यांसारखे. तिनं पाय रोवला, पुन्हा ओढलं. एक ढेकूळ सुटलं आणि ती त्याच्याबरोबर गुडघ्यावर आली. परत उठली. तिसरा घाव घातला. रुस्तमसिंह बघत होता, त्यानं ना हो म्हटलं ना नाही.

"अम्मा, सोड," हरविलास म्हणाला.

"होतंय मला."

"सोड म्हणतो ना!"

"सोडू आणि जाऊ कुठं?" ती त्याच्यावरच खेकसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती घाव घालत होती. "तुझ्या बापाला आपल्याच अंगणातून जाळायला उचललं. मी कुठं जाऊ?"

हरविलासनं तिच्या हातातून फावडं काढून घेतलं. तिनं सोडलं नाही म्हणून एकेक बोट उलगडावं लागलं. मग त्यानं खोदायला सुरुवात केली. आदल्या दिवशी टाकलेली तीन बादल्या माती. तो मान वर न करता खोदत राहिला. सदरा पाठीला चिकटला, श्वास लागला. पोरं बघत होती. बिट्टो आईच्या पदराला धरून उभी होती, आणि तिची मान आता ताठ नव्हती.

पाणी सुटलं.

मिथलेशनं पदर डोक्यावरून मागं सारला, कमरेला खोचला आणि नालीच्या तोंडाखाली उतरली. गाळात पडलेला एक दगड तिनं दोन्ही हातांनी उचलून पाण्यात आडवा टाकला. मग दुसरा.

"हे काय?" रुस्तमसिंहानं वरून विचारलं.

"पाणी अडवत नाही दद्दा," ती पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "पाणी तुमचं, जाऊ द्या. आम्ही माती अडवतो."

त्यानं आधी शेताकडं पाहिलं. बाजरीतलं पाणी उतरत होतं, त्याच्याशी त्याला मतलब. "अडवा," तो म्हणाला. "मातीला मी कधी नाही म्हटलं?"

आधी बैकुंठी उतरली, तिच्यामागं तिचा नातू, मग एकेक करून सगळी पोरं. "आधी खोदायचं!" ती एकमेकांवर ओरडत होती, "मोठा खाली, छोटा वर!" दोन-तीन आया आल्या. पुरुष बांधावर बिड्या ओढत उभे राहिले. ह्या दगडांच्या रांगेनं काही व्हायचं नाही हे मोठ्यांना कळत होतं. मिथलेशलाही कळत होतं. हातपंपाची ओघळ वेगळी आणि हे वेगळं. पहिली रांग पाण्यानं तासाभरात मोडली. त्यांनी खाली दुसरी धरली, जास्त खोल.

हरविलास फावडं टाकून खाली आला. कुणाच्या तोंडाकडं न बघता त्यानं पोरांना हलत नसलेला एक मोठा दगड छातीशी धरून उचलला.

"इथं?" त्यानं विचारलं.

"तिथं नाही, बापू," बिट्टो म्हणाली. "तिथनं पाणी खालून घुसतं. इकडं."

तो चिखलातून दोन पावलं इकडं आला.

"हरविलास!" वरून रुस्तमसिंहाची हाक आली. त्यानं हात लांब केला होता, बोटाला किल्ली लटकत होती. "तुझ्यासारखा हात दुसऱ्याचा नाही, म्हणून देतोय. चल. वरचा सुळका उन्हं आहेत तोवर उतरवून घे. पाऊस परत लागला तर राहून जाईल."

खाली सगळे थांबले. मिथलेशनं नवऱ्याकडं पाहिलं आणि मग मुद्दाम नजर काढून घेतली, दगडाखालची माती हातानं कोरायला लागली.

"आलो दद्दा," हरविलास म्हणाला.

त्यानं दगड बिट्टोनं दाखवलेल्या जागी ठेवला. तो हलतो का ते टाचेनं दाबून पाहिलं. हलत होता; खाली एक चिप घालून पुन्हा दाबला. मग चिखलाचे हात धोतराला पुसले आणि वर चढला.